गॅसवर चालणारा ड्रायर सुरुवातीला तापतो, मग थंड हवा देतो: नेमके काय तपासावे?

केळफूल यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. हे घर घेतले तेव्हा तळघरात कपडे धुण्याचे यंत्र आणि नैसर्गिक वायूवर चालणारा ड्रायर अशी जोडी आधीपासूनच बसवलेली होती. त्यामुळे ड्रायर केव्हाचा आहे याची पावती आमच्याकडे नाही, पण तो दहा वर्षांहून जुना असणार हे नक्की. आतापर्यंत त्याच्याबद्दल तक्रारीला जागा नव्हती. यंदाच्या हिवाळ्यात मात्र तो कपडे पुरते वाळवेनासा झाला आहे.

लक्षण असे आहे. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे आतली हवा चांगली गरम असते. त्यानंतर ड्रम फिरत राहतो, पंख्याचा आवाजही नेहमीसारखाच येतो, पण दार उघडून हात घातला तर कपडे आधी कोमट आणि पुढे थंडच लागतात. शर्ट-पायजम्यासारखे पातळ कपडे त्या पहिल्या उष्णतेवर कसेबसे वाळतात. टॉवेल आणि चादरी मात्र दोनदा फिरवूनही ओलसरच निघतात. ड्रायर बंद करून तासाभराने पुन्हा लावला, तर पुन्हा थोडा वेळ तापतो आणि पुन्हा तेच होते. लिंटची (कपड्यांतून निघणाऱ्या बारीक तंतूंची) जाळी मी प्रत्येक धुण्यानंतर साफ करते. गॅसचा वास कधीही आलेला नाही, आणि त्याच वाहिनीवरची शेगडी, पाण्याचा हीटर व घर तापवणारी भट्टी या सर्व गोष्टी व्यवस्थित चालू आहेत.

दुरुस्ती करणाऱ्या एका कंपनीला फोन केला होता. त्यांनी यंत्र न पाहताच ‘बर्नरचा संपूर्ण संच बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा ड्रायर घ्या’ असे सांगितले. मला हे पटलेले नाही, कारण जे यंत्र अजूनही पहिली काही मिनिटे नीट तापते, त्याचा सगळा बर्नर निकामी झाला असेल असे वाटत नाही. माझ्याकडे मल्टीमीटर (विजेचा दाब आणि ओहममध्ये रोध मोजणारे उपकरण) आहे आणि तो वापरण्याचा सराव आहे. मात्र गॅसच्या नळीला हात लावण्याची माझी तयारी नाही आणि इच्छाही नाही.

तेव्हा तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा दोष कशाचा असू शकतो? तपासणीचा क्रम काय असावा? आणि घरच्या माणसाने कुठपर्यंत जावे व कुठे थांबावे? तळघराच्या वरच मुलांची झोपायची खोली असल्याने शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. बाहेर कडाक्याची थंडी आहे आणि आमच्या वसाहतीच्या नियमांत अंगणात दोरी बांधायला परवानगी नाही, त्यामुळे ड्रायरवाचून फार काळ चालणारही नाही.

पानापक्कड यांचे उत्तर:

केळफूल, आपण लक्षण फार नेमके लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी न्यू जर्सीत घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचे काम अनेक वर्षे केले असून, ‘आधी तापतो, मग तापत नाही, थंड झाल्यावर पुन्हा तापतो’ हे गाऱ्हाणे गॅसच्या ड्रायरच्या बाबतीत सर्वाधिक वेळा ऐकले आहे. बहुतेक वेळा दोष गॅस व्हॉल्व्हवर बसवलेल्या कॉइलमध्ये, म्हणजे वीज मिळाली की चुंबक बनून गॅसची झडप खेचणाऱ्या तारेच्या गुंडाळीत असतो. परंतु केवळ या अंदाजावर सुटे भाग मागवू नका. बर्नर पेटताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, कारण अगदी असेच लक्षण हवेचा मार्ग तुंबल्यानेही दिसते.

आधी ही यंत्रणा कशी चालते ते सांगतो. गॅसचा ड्रायर साध्या १२० व्होल्टच्या प्लगवर चालतो. वीज फक्त मोटर, नियंत्रण आणि पेटवण्याची यंत्रणा यांच्यासाठी असते. उष्णता गॅसच्या ज्वाळेतून मिळते आणि घरगुती बर्नरची क्षमता साधारणपणे ताशी २०,००० ते २५,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) इतकी असते. ड्रायर सुरू होऊन मोटरने पूर्ण गती घेतली की तिच्यावरचा सेंट्रिफ्यूगल स्विच जोडला जातो आणि तेव्हाच बर्नरच्या मंडलात वीज येते. पंखा फिरत नसताना गॅस पेटू नये, यासाठी ही योजना आहे. तिथून वीज सुरक्षेच्या थर्मोस्टॅटमधून (फार तापल्यास वीज तोडणाऱ्या स्विचमधून) पुढे जाऊन इग्नायटरपर्यंत पोहोचते. इग्नायटर म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची एक ठिसूळ पट्टी; ती पाऊण-एक मिनिटात तापून पिवळसर-पांढरी होते.

इग्नायटरशेजारी ज्वाला-सेन्सर असतो. त्याचे संपर्क थंडपणी जोडलेले असतात आणि इग्नायटरच्या उष्णतेने ते उघडतात. गॅस व्हॉल्व्हमध्ये एकामागे एक अशा दोन झडपा असतात. पहिली झडप उघडण्यासाठी बूस्टर आणि होल्डिंग या दोन कॉइल मिळून काम करतात, आणि त्या तीन पिनांच्या एकाच वेष्टनात असतात. सेन्सर उघडेपर्यंत दुसऱ्या झडपेच्या कॉइलला वीज मिळतच नाही, कारण सेन्सर तिला वळसा घालून वीज पुढे नेत असतो. सेन्सर उघडला की बूस्टर सुटतो, होल्डिंग कॉइल पहिली झडप धरून ठेवते, आणि दुसऱ्या कॉइलमधून वीज वाहू लागून दुसरी झडप उघडते. त्याच क्षणी गॅस बर्नरमध्ये येतो आणि अजून लाल असलेल्या इग्नायटरवर पेटतो. पुढे ज्वाळेचीच उष्णता सेन्सरला उघडे ठेवते. ठरलेले तापमान गाठले की नियंत्रक थर्मोस्टॅट बर्नर बंद करतो, हवा थोडी थंड झाली की हाच क्रम पहिल्यापासून सुरू होतो, आणि एका धुण्यात असे अनेकदा घडते.

आता आपल्या ड्रायरकडे वळू. पहिल्या वेळी कॉइल थंड असते, म्हणून ती झडप खेचू शकते. काही मिनिटांनी बर्नरच्या शेजारी राहून ती तापते. जुन्या कॉइलच्या तारेवरचे आवरण कमजोर झालेले असल्याने तापल्यावर तिचे चुंबकत्व पुरेसे पडत नाही, झडप उघडत नाही, आणि बर्नर दुसऱ्यांदा पेटत नाही. ड्रायर तासभर थंड झाला की कॉइल पुन्हा एकदा काम करते. आपण सांगितलेले चित्र याच्याशी जुळते.

खात्री अशी करा. बहुतेक यंत्रांत बर्नर समोरून खालच्या बाजूस असतो. तिथे एक छोटी झाकणी किंवा स्क्रूने बसवलेली पट्टी असते. प्लग काढून ती उघडा, मग प्लग लावून दिवे मालवा, आणि ओले टॉवेल घालून ड्रायर सुरू करा. आत पट्टा फिरत असतो व विजेच्या उघड्या जोडण्या असतात, म्हणून हात, ओढणी, मोकळे केस लांब ठेवून फक्त पाहायचे आहे. पहिल्यांदा ज्वाळा पेटेल. ती निळी, फार तर टोकाला किंचित पिवळी असावी. ती विझल्यानंतर दुसऱ्या वेळी काय होते, ते मात्र बारकाईने पाहा.

इग्नायटर लाल होऊन ‘टक्’ असा आवाज आला, इग्नायटर विझला आणि ज्वाळा आली नाही, व थोड्या वेळाने हेच पुन्हा घडले, तर कॉइल दोषी आहेत. इग्नायटर लाल होऊन तसाच अखंड पेटलेला राहिला आणि विझलाच नाही, तर ज्वाला-सेन्सरचे संपर्क चिकटले आहेत. दुसऱ्या वेळी इग्नायटर मुळीच उजळला नाही, तर वीज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि तेव्हा सुरक्षा थर्मोस्टॅट व हवेचा मार्ग यांच्याकडे वळावे लागेल. हे तिन्ही प्रकार बाहेरून एकसारखेच दिसतात, पण त्यांची दुरुस्ती मात्र पूर्णपणे वेगळी आहे. पाहून झाल्यावर इथे लिहा, मग पुढचे सांगतो.

मिशिगनकर यांचे उत्तर:

पानापक्कड यांनी सांगितलेल्या निरीक्षणाशी मी सहमत आहे, पण क्रमाबद्दल माझे आग्रहाचे म्हणणे आहे की आधी बाहेरचा व्हेंट, म्हणजे ड्रायरची हवा घराबाहेर सोडणारा मार्ग पाहावा. हिवाळ्यात दोष सुरू झाला, हे प्रश्नातील वाक्य मला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडे मिशिगनमध्ये ओलसर हवेमुळे व्हेंटच्या बाहेरच्या झडपेवर बर्फ धरतो आणि ती अर्धवट मिटलेली राहते. वसंतात त्याच ठिकाणी पक्षी घरटी करतात. हवा बाहेर पडली नाही की ड्रमच्या तोंडाशी उष्णता साचते, हाय-लिमिट थर्मोस्टॅट बर्नर तोडतो, आणि तो थंड होईपर्यंत ड्रायर नुसती थंड हवा फिरवत राहतो. म्हणजे जाळी रोज साफ केली, तरी जाळीच्या पुढच्या नळात लिंट साचतेच.

ड्रायर चालू असताना बाहेर जाऊन झडपेपुढे हात धरा. झडप पूर्ण उघडलेली असावी आणि हवेचा जोर स्पष्ट जाणवावा. नळाची लांबीही मोजा. अमेरिकेतील निवासी बांधकाम संहितेनुसार ड्रायरच्या ४ इंची नळाची लांबी ३५ फुटांपर्यंत असू शकते, आणि प्रत्येक काटकोनी वळणासाठी त्यातून ५ फूट वजा करावे लागतात. निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर ती पाहावी. तळघरातील ड्रायरचा नळ बहुधा आधी वर चढतो आणि मग आडवा जातो, त्यामुळे लांबी सहज हाताबाहेर जाते. बाहेरच्या तोंडाला जाळी बसवलेली असेल तर ती काढा. ड्रायरच्या व्हेंटला जाळी लावायची नसते, कारण लिंट तिच्यावरच अडकते. नळाचे तुकडे जोडताना आत टोके येतील असे लांब स्क्रूही वापरू नयेत, त्यांच्यावरही लिंट धरते.

ही केवळ कपडे न वाळण्याची गोष्ट नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातील आकडेवारीनुसार घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या आणि त्यांचे सर्वांत मोठे कारण साफसफाई न करणे हे होते.

शंका राहिलीच, तर ड्रायरच्या मागचा नळ थोडा वेळ काढून यंत्र चालवून पाहा. तसे केल्यावर कपडे वाळू लागले तर दोष नळाचाच समजावा.

पानापक्कड:

मिशिगनकर, व्हेंटविषयीचे आपले सगळे म्हणणे योग्य आहे, फक्त शेवटची सूचना गॅसच्या ड्रायरला लागू करू नये. विजेच्या ड्रायरमध्ये नळ काढून चालवला तर खोलीत दमट हवा आणि लिंट येते, इतकेच. गॅसच्या ड्रायरमध्ये त्याच हवेबरोबर ज्वलनाचा वायू बाहेर पडतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. वर मुलांची खोली असताना बंद तळघरात हा प्रयोग अजिबात करू नये. बाहेरच्या झडपेपाशी हवेचा जोर पाहणे हीच याची सुरक्षित तपासणी आहे, आणि तीही आपणच सांगितली आहे.

केळफूल:

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी मी दोन्ही गोष्टी केल्या.

बाहेरची झडप बर्फाने धरलेली नव्हती आणि उघडतही होती, पण हवेचा जोर मला बेताचाच वाटला. तळघरात ड्रायर पुढे ओढून मागे पाहिले, तेव्हा ड्रायर आणि भिंतीतील नळ यांच्यामध्ये चंदेरी कागदासारखी पातळ, घड्यांची नळी लावलेली दिसली. ड्रायर भिंतीकडे ढकलल्यामुळे ती एका ठिकाणी जवळजवळ चपटी झाली होती आणि आत लिंट दाटलेली होती. ती साफ करून सध्या सरळ केली आहे. ड्रायर ओढताना गॅसच्या लवचीक नळीवर ताण येणार नाही याची काळजी घेतली.

नळी साफ करूनही मूळ लक्षण तसेच राहिले, म्हणून खालची पट्टी उघडून अंधारात पाहिले. पहिल्यांदा सुंदर निळी ज्वाळा आली. ती विझल्यावर थोड्या वेळाने इग्नायटर लाल झाला, ‘टक्’ असा आवाज आला, इग्नायटर विझला, आणि ज्वाळा आली नाही. साधारण मिनिटभराने पुन्हा तेच. हे चक्र मी बराच वेळ पाहिले. एकदाही दुसरी ज्वाळा आली नाही.

त्यानंतर प्लग काढून, ड्रायर थंड झाल्यावर कॉइलच्या तारा सोडवून मल्टीमीटरने मोजले. तीन पिनांच्या कॉइलमध्ये पहिल्या व दुसऱ्या पिनांमध्ये १,३५८ ओहम आले, पहिल्या व तिसऱ्यामध्ये ५५४. दोन पिनांच्या कॉइलमध्ये १,२०५ ओहम. आतल्या बाजूला घडी करून ठेवलेला तांत्रिक कागद सापडला. त्याप्रमाणे तर हे सर्व आकडे योग्यच आहेत. मग कॉइल चांगल्या आहेत असे समजायचे का? माझा गोंधळ झाला आहे.

पानापक्कड:

गोंधळ होण्याचे कारण नाही. या प्रकारच्या व्हॉल्व्हमध्ये अपेक्षित आकडे अनुक्रमे सुमारे १,३६५, ५६० आणि १,२२० ओहम असतात आणि आपले आकडे त्यांच्या जवळच आहेत. परंतु हे मोजमाप थंड कॉइलचे आहे, आणि आपल्या कॉइल थंड असताना काम करतात हे आपण आधीच पाहिले आहे. मल्टीमीटरने कॉइल पूर्ण तुटलेली आहे का, एवढेच खात्रीने कळते. तापल्यावर ती दगा देते का, ते कळत नाही. म्हणून या दोषात मोजमापापेक्षा बर्नरचे निरीक्षण अधिक विश्वासार्ह मानावे. इग्नायटर विझला याचा अर्थ सेन्सर उघडला, म्हणजे सेन्सर चांगला आहे. इग्नायटर लाल झाला याचा अर्थ थर्मल फ्यूज (फार तापल्यास कायमचा तुटणारा सुरक्षेचा भाग), हाय-लिमिट, मोटरचा स्विच आणि नियंत्रक हे सगळे वीज पुढे पाठवत आहेत. गॅस बंद असता तरीही असेच दिसले असते, पण पहिली ज्वाळा आली आणि घरातील बाकीची उपकरणे चालू आहेत, त्यामुळे गॅसचा पुरवठा ठीक आहे. उरल्या त्या फक्त कॉइल.

दोन्ही कॉइल जोडीनेच बदला. एक कमजोर झाली म्हणजे तितक्याच उष्णतेत तितकीच वर्षे काढलेली दुसरीही फार काळ टिकत नाही, आणि जोडीची किंमत साधारण २० ते ३० डॉलर इतकीच असते. मागवताना दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक द्या.

काम करण्यापूर्वी प्लग काढा आणि ड्रायरच्या मागचा गॅसचा कॉक बंद करा. दांडी नळीला काटकोनात आली की तो बंद असतो. या दुरुस्तीत गॅसचा मार्ग उघडावा लागत नाही, कारण कॉइल व्हॉल्व्हच्या बाहेरून दांड्यांवर चढवलेल्या असतात, आणि म्हणूनच मी हे काम घरी करण्यास अनुकूल आहे. तरीही कॉक बंद ठेवण्यात आपले काही जात नाही. कोणती तार कुठे आहे याचे छायाचित्र घ्या. कॉइलवरची धातूची पट्टी दोन स्क्रूंनी धरलेली असते. काही यंत्रांत ते तारकाकृती डोक्याचे असतात, त्यामुळे तसा स्क्रू ड्रायव्हर जवळ ठेवा. जागा अडचणीची असल्यास बर्नरचा संच बाहेर काढण्याचा मोह होईल. तो आवरा, कारण त्यासाठी गॅसची जोडणी सोडवावी लागते. आखूड स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा संयम असला की काम भागते. कॉइलवर एक लहान खुंटी असते, ती व्हॉल्व्हच्या खाचेत बसली की नाही ते पाहून मगच पट्टी आवळा. शेजारच्या इग्नायटरला धक्का लागू देऊ नका आणि इग्नायटरच्या पट्टीला बोट तर मुळीच लावू नका. ती काचेहून नाजूक असते आणि बोटांच्या तेलकटपणानेही तिचे आयुष्य कमी होते.

नंतर कॉक उघडा, प्लग लावा आणि पूर्वीसारखेच अंधारात पाहा. किमान तीन-चार वेळा ज्वाळा पेटून विझून पुन्हा पेटलेली दिसली पाहिजे. पहिल्या ज्वाळेवर समाधान मानू नका, कारण ती आपल्याला जुन्या कॉइलवरही मिळत होती.

ती चंदेरी घड्यांची नळी मात्र परत लावू नका. तिच्या जागी ४ इंची कडक धातूचा नळ किंवा अर्ध-कडक ॲल्युमिनियमचा तुकडा शक्य तितका सरळ व आखूड लावा आणि सांधे धातूच्या चिकटपट्टीने बंद करा. प्लॅस्टिकचा नळ तर कधीच वापरू नये. कॉइल हा आजचा दोष असला तरी तुंबलेल्या नळामुळे आतील सगळेच भाग वाजवीपेक्षा जास्त तापत होते. हाच तुंबलेला नळ पुढे थर्मल फ्यूज उडवतो. मग लोक फ्यूज बदलत राहतात, आणि काही जण तर तार जोडून फ्यूजच टाळतात. तसे कोणीही करू नये. तो फ्यूज साधारण ९० अंश सेल्सियसच्या आसपास तुटतो तो आग टाळण्यासाठीच.

दुरून डोंगर यांचे उत्तर:

धाग्यात मूळ दोषाचे निदान उत्तम झाले आहे. ‘कुठे थांबावे’ या प्रश्नाला थोडे उत्तर द्यावेसे वाटते, कारण आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात राहतो आणि आमचा ड्रायर टाकीतल्या प्रोपेनवर चालतो.

माझ्या मते रेघ गॅसच्या जोडणीपाशी ओढावी. वीज बंद करून कॉइल, इग्नायटर, सेन्सर, थर्मोस्टॅट, पट्टा आणि ड्रमची चाके बदलणे हे समजून-उमजून करणाऱ्या माणसाला जमते. गॅसची नळी सोडवणे, कॉक बदलणे, व्हॉल्व्ह बदलणे किंवा बर्नर काढणे हे मात्र परवानाधारक माणसाचे काम आहे. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यात तर कायद्यानेच हे काम परवानाधारक गॅस-फिटरकडून करवून घ्यावे लागते. घर जुने असेल तर ड्रायरमागची लवचीक नळी कोणत्या प्रकारची आहे ते एकदा दिव्याच्या प्रकाशात पाहा. वरून आवरण नसलेली, पितळेच्या वळ्यांची जुनी नळी असेल तर तिला हलवूही नका. तशा नळ्यांचे सांधे तुटून स्फोट झाल्याने अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने त्यांच्याविरुद्ध इशारा दिलेला आहे, आणि त्या हलवल्यानेच तुटू शकतात. तशी नळी दिसल्यास फिटरला बोलावून ती बदलून घ्यावी. ड्रायर नव्याने बसवताना जुनीच नळी परत वापरू नये, हाही नियम लक्षात ठेवावा.

वास आला तर तपासणी करत बसू नये. दिवा लावू नये, मालवू नये, घरातून फोनही करू नये. सगळ्यांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेरून गॅस कंपनीला किंवा अग्निशमन दलाला कळवावे. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने वर जातो, प्रोपेन मात्र जड असल्याने तळघरात खाली साचून राहतो, म्हणून आमच्यासारख्यांनी अधिक सावध राहावे. माझ्यासारखे प्रोपेनवाले वाचत असतील तर आणखी एक गोष्ट सांगतो: नैसर्गिक वायूसाठी बनवलेला ड्रायर तसाच प्रोपेनवर लावू नये. एक घनफूट नैसर्गिक वायूतून साधारण १,००० बीटीयू मिळतात, प्रोपेनमधून सुमारे २,५००, आणि प्रोपेनचा दाबही जास्त ठेवलेला असतो. बर्नरचे छिद्र बदलले नाही तर ज्वाळा मर्यादेबाहेर मोठी होते. त्यासाठी निर्मात्याचा संच मिळतो आणि तो फिटरकडूनच बसवून घ्यावा.

केळफूल, आपण इलिनॉयमध्ये आहात. तिथे २००७ पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून १५ फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र असणे बंधनकारक आहे. ते आपल्याकडे असेलच, पण त्याच्या पाठीवरची तारीख पाहून घ्या. ही यंत्रे ठरावीक वर्षांनी निकामी होतात, आणि बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला सेन्सर चांगला आहे असे होत नाही.

केळफूल:

काम झाले, म्हणून सविस्तर कळवत आहे.

दोन्ही कॉइल बदलल्या. पट्टीचा मागचा स्क्रू अडचणीच्या जागी होता, पण पानापक्कड काका, आपण सांगितल्याप्रमाणे आखूड स्क्रू ड्रायव्हर वापरला आणि बर्नर जागचा हलवला नाही. पहिल्या प्रयत्नात तीन पिनांची कॉइल नीट बसली नव्हती. खुंटी खाचेत नव्हती. पट्टी आवळण्यापूर्वी आपली सूचना आठवली म्हणून ते लक्षात आले. नंतर टॉवेल घालून अंधारात पाहिले, तर ज्वाळा पेटली, विझली आणि दरवेळी न चुकता पुन्हा पेटली. टॉवेल एका फेरीत कोरडे झाले.

चंदेरी नळी टाकून कडक धातूचा नळ आणि एक कोपर बसवले आहे. बाहेरच्या झडपेपाशी हवेचा जोर आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. आमच्या नळाची एकूण लांबी वळणे धरून ३५ फुटांच्या आत बसते. गॅसची नळी पिवळसर आवरण असलेली नव्या प्रकारची आहे. वरच्या मजल्यावरचे इशारा देणारे यंत्र मात्र मुदत संपलेले निघाले. ते त्याच दिवशी बदलले. दुरून डोंगर, त्याबद्दल विशेष आभार.

एक शेवटची शंका आहे. बर्नर पेटला की सुरुवातीला एक-दोन सेकंद ज्वाळेच्या टोकाला पिवळा रंग दिसतो आणि मग ती निळी होते. हे चिंतेचे आहे का? आणि इग्नायटर तितकाच जुना असल्याने तोही आताच बदलावा का?

पानापक्कड:

पेटताना क्षणभर दिसणारा पिवळेपणा चिंतेचा नाही. ज्वाळा सतत पिवळी, लांबट आणि आळसट राहिली किंवा कपड्यांना धुराचा वास येऊ लागला, तर बर्नरला हवा कमी पडते आहे असे समजावे. तेव्हा प्लग काढून बर्नरच्या तोंडाशी साचलेली लिंट व्हॅक्यूमने काढावी, आणि तरीही फरक पडला नाही तर बर्नरला हवा देणाऱ्या झडपेची जुळणी फिटरकडून करवून घ्यावी.

इग्नायटर आता बदलू नका. तो मिनिटाच्या आत नीट उजळतो आहे, आणि चालू असलेला नाजूक भाग काढण्या-घालण्यातच मोडण्याची शक्यता अधिक असते. पुढे कधी तो उजळलाच नाही तर प्लग काढून त्याचा रोध मोजा. साधारण ५० ते ४०० ओहम यांच्या दरम्यान काही आले तर तो चांगला, आणि मीटरने काहीच दाखवले नाही तर तुटलेला. वर्षातून एकदा, शक्यतो थंडी सुरू होण्यापूर्वी, मागचा नळ सोडवून पूर्ण लांबीभर ब्रशने साफ करा आणि खालची पट्टी उघडून बर्नरभोवतीची लिंट काढा.